शाल आधी, नारळ मागून

दत्तूमामा गेला तेव्हा कंपनीनं पुष्पचक्र पाठवलं. लाकडी चौकटीवर बसवलेलं, दोघांनी मिळून टेंपोतून उतरवलेलं, मध्ये कंपनीच्या नावाची सोनेरी पट्टी. उतरवणारे दोघं आमच्याच गावचे होते, अंगात कंपनीचे शर्ट. मी अंगणात उभी होते. मला वाटलं, आता कुणीतरी पुढं होईल आणि म्हणेल, हे घेऊन चालते व्हा. कुणीच म्हणालं नाही. मामाचा मुलगा बाळाराम पुढं झाला, त्यानं ते चक्र दोन्ही हातांनी घेतलं आणि बापाच्या पायाशी ठेवलं. मी त्याच्याकडं रागानं बघितलं, तर तो हळूच म्हणाला, "दारात आलेल्याला परत लावला असता तर बाबा उठून बसला असता."

हे शंभर टक्के खरं होतं. माझा सगळा राग या खरेपणावरच आहे.

दत्तूमामा माझा सख्खा मामा नव्हे. हायवेवरून कुंभिवलीच्या बाजूनं आत वळलं की माझं आजोळ लागतं, आणि आजीच्या घराला लागून त्याचं घर. मी वाढले कर्जतला, भिसेगावात. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील कामगारांच्या कामात होते आणि आई त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून अक्षरं गिरवून घ्यायची. त्यामुळे 'धिक्कार', 'जाहीर निषेध', 'दलालांनो, याद राखा' हे शब्द मला फार लवकर वाचता यायला लागले. माणूस भेटला की हा आपल्या बाजूचा की त्यांच्या, एवढंच मी आधी बघायचे. अजूनही बघते. दत्तूमामाच्या बाबतीत मला ते कधीच ठरवता आलं नाही. कंपनीविरुद्धच्या प्रत्येक अर्जावर पहिली सही त्याची असायची, आणि कंपनीचा माणूस गावात आला की पहिला चहाही त्याच्याच ओट्यावर व्हायचा.

अंगानं बारका, पाठीत वाकलेला, डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी. तो ओट्यावर बसायचा तो रस्त्याकडं कान लावून. हायवेवरून गाडी आत वळल्याचा आवाज आला की उठायचा आणि आत ओरडायचा, "पाणी आण गं, कोणतरी येतंय!" कोण येतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. घरात एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात शाली असत. देवापाशी एक नारळ कायम तयार. गावात कुणीही कामानिमित्त आलं की त्याचा सत्कार करून मगच कामाचं बोलायचं, ही गावाची जुनी पद्धत. पण गावानं ती केव्हाच सोडली होती, आणि मामानं एकट्यानं धरून ठेवली होती. तारा जोडायला आलेला वायरमन, लस टोचायला येणारी सिस्टर, नव्या एस.टी.चा ड्रायव्हर, सगळ्यांच्या खांद्यावर त्याची शाल पडलेली आहे. शाल आधी, नारळ मागून. कुणी घाईत नारळ आधी पुढं केला तर तो हात धरायचा. "आधी मानसाला ऊब दे, मंग हातात वजन दे," म्हणायचा.

सुलीमामी, त्याची बायको, या सगळ्याला वैतागलेली होती. "ह्यांना न्यायला यम आला ना," ती माझ्या आजीला सांगायची, "तर त्याला पन शाल घालतील. आनि मला सांगतील, रेड्याला पेंढा टाक."

कंपनीलाही गावात यानंच आणलं. ही गोष्ट त्यानं कधी लपवली नाही. शेठ तेव्हा शेठ नव्हते. कुठूनतरी स्कूटरवरून यायचे, मागं पुठ्ठ्याची खोकी बांधलेली, खोक्यांना भोकं आणि भोकांतून चिवचिव. पिल्लं ठेवायला जागा शोधत फिरत होते. गावातल्या इतरांनी वासाला भिऊन नकार दिला. मामानं पाणी दिलं, शाल घातली आणि आपल्या गोठ्यातले बैल बाहेर बांधून गोठा रिकामा करून दिला. थंडीत पिल्लं मरू नयेत म्हणून तो आणि शेठ पाळीपाळीनं कंदिलापाशी बसायचे. शेठ त्याच्याच ताटात जेवायचे. ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यायचे आणि म्हणायचे, "दत्तू, या पाण्याला साखर घातलीय का रं कुणी?"

मग गोठ्याच्या शेड झाल्या. शेडचं अंडी उबवायचं केंद्र झालं. कर्जतपर्यंतचे शेतकरी कंपनीची पिल्लं कंपनीचंच खाद्य घालून वाढवायला लागले, आणि वजन कमी भरलं की दोष शेतकऱ्याचा, हे कागदावर लिहून द्यायला लागले. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठा प्लांट आला. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, गाव त्याला 'कटिंग' म्हणतं. एका बाजूनं जिवंत कोंबड्यांचे ट्रक आत जातात, दुसऱ्या बाजूनं गारठलेली पाकिटं मुंबई-पुण्याला निघतात. मधल्या जागेत आमच्या बायका ओल्या फरशीवर उभ्या राहून कापतात, सोलतात, साफ करतात. त्यांची बोटं संध्याकाळी भाकरी थापताना मिटत नाहीत. त्या कंपनीच्या नव्हेत, ठेकेदाराच्या. बोलल्या तर उद्यापासून कुणाच्याच नव्हेत.

आणि रक्त, पिसं, चरबी धुतलेलं पाणी ओढ्यात. ते शुद्ध करायची यंत्रं कंपनीकडं आहेत, आणि तपासणीला साहेब आले की ती चालतात. उन्हाळ्यात आमच्या ओढ्याला स्वतःचं पाणी नसतं. वाहतं ते फक्त कंपनीचं. खाली कातकरी वाडी आहे. वाडीतल्या बायका ओढ्याच्या काठाला वाळूत खड्डा करतात आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरतात. तेच पितात.

वाडीतली बुधीबाई मामाच्याच वयाची. कोंबड्यांवर रोग आला त्या वर्षी कंपनीनं वाडीच्या वरच्या उतारावर जेसीबीनं खड्डा काढून मेलेल्या कोंबड्या पुरल्या. पावसात तो उतार खचला. तेव्हा बुधीबाई मामाच्या अंगणात येऊन उभी राहिली. मामानं सवयीनं आत हाक दिली, "पाणी आण गं!"

"पाणी नको," बुधीबाई म्हणाली. "पाणी मीच आणलाय." तिनं कडेवरची कळशी ओट्यावर ठेवली. वास आम्हा सगळ्यांना आला. "तुजाच पावना ना त्यो, दत्तूदादा? तूच बसवलास ना त्याला ताटावर? मंग आता तूच उठव."

मामा उठला. कळशी घेऊन परसात गेला, पाणी लांब नेऊन ओतलं, कळशी राखेनं घासली, आपल्या विहिरीचं पाणी भरून तिला दिली. त्या दिवसापासून त्यानं कोंबडी सोडली. श्रावणाआधीच्या गटारीला कंपनी घरटी एक साफ केलेली कोंबडी वाटते. अख्खं गाव ती खातं, आणि खाल्ल्यावर निदान गणपतीपर्यंत कुणी कंपनीविरुद्ध तोंड उघडत नाही. मामा ती पिशवी घ्यायचा, देणाऱ्याला पाणी विचारायचा, आणि तो वळला की पिशवी शेजारच्या दाराला अडकवून यायचा. "अरे, मग घेतोस कशाला?" मी ओरडायचे. "आनून दिली त्यानं. उन्हातून आला पोरगा," तो म्हणायचा.

त्या काळात मी गावासाठी पत्रकं लिहून द्यायला लागले होते. मामाला ती वाचून दाखवावी लागत. तो डोळे मिटून ऐकायचा आणि बरोबर माझ्या आवडत्या शब्दाला बोट वर करायचा.

"ह्या 'रक्तपिपासू' काढ."

"का? खोटं आहे?"

"खोटा नाय. पन उद्या त्यो समोर आला, तर त्याला बस म्हनायला तोंड पायजे ना आपल्याला?"

"त्याला बस म्हणायचंच कशाला, मामा?"

यावर तो माझ्याकडं असा बघायचा, की मी विचारलंय, जेवायचंच कशाला. 'धिक्कार'च्या जागी 'विनंती' आणि 'इशारा'च्या जागी 'कळावे' आलं, की मग त्याचं समाधान व्हायचं. मी पत्रक फाडून टाकायचे. तो तुकडे गोळा करून खिशात ठेवायचा, कारण कागद पायाखाली येऊ नये.

पण घाबरट म्हणावं तर तसंही नाही. वासामुळे आणि माश्यांमुळे गाव एकदा कंपनीच्या ट्रकांना आडवं गेलं. पोलिसांची जीप आली तशी तरणी पोरं शेतातून पसार झाली. रस्त्यावर मामा एकटा बसून राहिला. फौजदार म्हणाला, "उठा बाबा, गाडीत बसा." मामा म्हणाला, "बसतो की. जरा थांबा." पिशवीतून शाल काढली, फौजदाराच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि मग स्वतःहून जीपमध्ये चढला. त्या फौजदारानं त्याला संध्याकाळी घरी आणून सोडलं आणि जाताना पाया पडला. ट्रक मात्र दुपारीच सुटले होते. ही गोष्ट गावात अजून हसून सांगतात. मी हसत नाही. ट्रक सुटले होते.

मग कंपनीनं ओढ्याला लागूनच दुसरा प्लांट टाकायचं ठरवलं. पहिल्याहून मोठा. तो झाला तर वाडीला वाळूत खड्डा काढायलाही जागा उरणार नव्हती. परवानगीच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते, म्हणून शाळेच्या मैदानात मांडव पडला. मांडव कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, माइकही कंपनीचा. ठेकेदारानं कामावरच्या बायकांना आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं.

मामानं आधीच सांगितलं होतं, "मी बोलनार." आम्ही सगळे त्याच्यावरच टेकून होतो. दुसरं कुणी बोललं असतं तर कंपनी म्हणाली असती, बाहेरचा भडकवतोय. पण कंपनीला जागा देणारा पहिला माणूसच नको म्हणाला, तर त्याला उत्तर नव्हतं. मी त्याला भाषण लिहून दिलं. त्यानं नेहमीप्रमाणे ते छाटत छाटत आणलं, शेवटी एवढंच उरलं: "यांना मी बोलावला. आता मीच सांगतो, पुरे." मला पहिल्यांदाच त्याची छाटणी पटली.

"मला यवडं एक करून मरायचंय," तो ओट्यावर बसून म्हणाला होता. "बुधी पानी घेऊन आलेली, त्या दिसापास्नं मला घास जात नाय नीट."

सुनावणी सुरू झाली. साहेब आले, त्यांना मामाची शाल मिळाली. त्याचं काही नाही, ते सरकारी माणूस. आणि मग मांडवाच्या दारात पांढरी गाडी थांबली. मुलाच्या हाताला धरून शेठ उतरले. किती वर्षांनी ते गावात येत होते कोण जाणे. कंपनी मुलगाच बघायचा. थकले होते, पाय फरफटत होते. मी मामाकडं बघितलं, तर त्याचा हात पिशवीत गेला होता.

"मामा, नको," मी म्हणाले. "आज नको. हात जोडते."

"पावना आलाय गं," तो म्हणाला आणि उठला.

त्यानं शेठच्या खांद्यावर शाल घातली. नारळ हातात दिला. शेठनी त्याला मिठी मारली आणि ते खरोखर रडले. मामाही रडला. कंपनीचा फोटोवाला कुठल्या कुठून पुढं आला. पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या, मागून पोरांच्या शिट्ट्या. मग मामा माइकपाशी गेला, डोळे पुसले आणि ठरल्याप्रमाणे बोलला. एकही शब्द गाळला नाही. "यांना मी बोलावला. आता मीच सांगतो, पुरे. शेठ, वाडीच्या बाया काय पितात ते बघा येकदा." शेठ खाली मान घालून बसले. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता, मिठीचा. वर मथळा होता: ग्रामस्थांकडून प्रकल्पाचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत. मामाचं वाक्य कुठंच नव्हतं. महिन्याभरात तोच फोटो शिळफाट्याला मोठ्या बोर्डवर लागला, त्याखाली 'मातीशी नातं' की असलंच काहीतरी. कंपनीनं परवानगीच्या कागदांना तो फोटो जोडला. परवानगी आली.

मी मामाला जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मान दिला म्हंजे हो म्हनला, असा कुटं असतंय? मान येगळा, भांडान येगळा. त्यांना येवडं पन कळत नाय?"

"त्यांना सगळं कळतं मामा. तुलाच कळत नाही."

बुधीबाई बाजाराला जाताना अंगणात थांबली. "फाट्याव तुजा फोटू बघितला, दत्तूदादा," ती म्हणाली. "लय गोरा दिसतंस." आणि गेली. ते मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो पुढचे काही दिवस ओट्यावर बसलाच नाही.

मग त्याच्या डोक्यानं घेतलं, की दिलेला मान परत घ्यायचा. शाल आणि नारळ परत मागायचा, म्हणजे फोटो आपोआप खोटा पडेल. त्यासाठी त्यानं देवळात गावकी बोलावली. मला वाटलं, आता कोर्टाचं बोलतील. पण अख्खी दुपार गाव एवढ्यावरच भांडत बसलं, की दिलेली शाल परत घ्यायची पद्धत कशी असते. कुणी म्हणे, आधी नारळ परत घ्यायचा, मग शाल. कुणी म्हणे, घालणाऱ्यानंच काढायची. कुणी म्हणे, नारळ तर त्यांनी फोडून खाल्ला असेल, त्याचं काय? "खोबरं मागायचं काय?" आणि देऊळ हसलं. मामा हसला नाही. मी उठून बाहेर आले आणि पायरीवर बसून दात ओठ खात राहिले.

शेवटी तो एकटाच निघाला. मी बरोबर गेले, कारण एकट्याला सोडवेना. उन्हाळा लागत होता. कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, शेठ मुंबईला, आजारी. मामा म्हणाला, मग मुलाला सांग, दत्तू आपली शाल न्यायला आलाय. आत फोन गेला. आम्ही उन्हात उभे राहिलो. मला आशा वाटू नये तरी वाटत होती.

आतून इस्त्रीच्या कपड्यातला एक तरुण साहेब आला. मागं दोन मुली आणि मोबाइल घेतलेला एक पोरगा. "काका, तुम्ही कशाला आलात? आम्हीच येणार होतो," तो म्हणाला आणि त्यानं मामाच्या हातात कोरा करकरीत नारळ दिला. मग शाल उघडली.

त्यांना वाटलं होतं, म्हाताऱ्याला शाल हवी आहे.

"अहो, हे काय करताय!" मी ओरडले. मोबाइलवाला फोटो काढत होता. मामा गोंधळून उभा. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "पोरा, शाल आधी असते. नारळ मागून." साहेबाला ते फार गोड वाटलं. त्यानं हसून नारळ परत घेतला, आधी शाल घातली, मग नारळ दिला, आणि पुन्हा एकदा, नीट, फोटो काढला. गेट बंद झालं.

परत येताना मी रस्ताभर बोलत होते. नोटीस, कोर्ट, पेपर, उपोषण. मामा ऐकत नव्हता. प्लांटच्या भिंतीला वळसा घालून तो ओढ्यात उतरला. मीही नाकाला ओढणी लावून मागं. भिंतीच्या पायथ्याशी वीतभर तोंडाचा पाइप होता, त्यातून तांबूस पाणी पडत होतं, फेस आणि पिसं घेऊन. काठाच्या दगडांवर चरबीचा थर चढला होता.

मामानं चपला काढल्या. नारळ माझ्या हातात दिला. "धर." खांद्यावरची शाल काढली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिची नीट घडी घातली. मग त्या पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी ती घडी पाइपाच्या तोंडात कोंबायला लागला.

"मामा, काय करतोस! वर ये!"

पाणी थांबलं. खरंच थांबलं. ओढा गप्प झाला आणि पाइपाच्या आत कुठंतरी गुडगुड सुरू झाली. मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग पाइपानं ढेकर दिली आणि शाल फेकून दिली. ती उलगडत, पिसांसकट, त्याच्या पायांवरून खाली निघाली. तो तिच्या मागं पाण्यातून पळाला. त्या वयात, वाकलेल्या पाठीनं, सदरा भिजवत पळाला, आणि वाडीच्या वळणाआधी तिला पकडून परत पाइपापाशी आला.

मी त्याला धडधाकट पाहिला ते शेवटचंच. पुढं पावसात तो अंथरुणाला खिळला, आणि मी पोचेपर्यंत बोलत नव्हता. नव्या प्लांटची भिंत आता अर्ध्याहून वर आली आहे. त्यामुळे मला तो आठवतो तो तसाच: गुडघाभर घाणेरड्या पाण्यात उभा, शाल पिळतोय, आणि चेहऱ्यावर ना राग, ना लाज. नुसता विचार करतोय.

पिळून झाल्यावर त्यानं पाइपाकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या नारळाकडं बघितलं.

"घट्ट बसली नाय गं," तो म्हणाला. "उलटा करायला पायजे होता. नारळ आधी, शाल मागून."

आणि त्यानं नारळासाठी हात पुढं केला.